सौंसरमधलं एक वादग्रस्त मरण

पांढुर्णा आणि सौंसर पाहायला म्हणून कोणी जात नाही. मीही गेलो नव्हतो. मी गेलो होतो एक पाटी उतरवायला.

मी वरुडचा, संत्र्याची कलमं विकतो. पोरगेला होतो तेव्हा दुसऱ्याच्या रोपवाटिकेत कावडीनं पाणी घातलं, डोळे बांधायला शिकलो, आणि पुढे स्वतःची रोपवाटिका उभी केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: संत्र्याचं झाड स्वतःच्या मुळावर उभं नसतं. खाली जंबेरीचा खुंट असतो, म्हणजे आंबट, खरबरीत सालीचं लिंबू. त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा, तो फुटला की वरची जंबेरी छाटायची. मूळ आंबट आणि फळ गोड, असा हा धंदा आहे.

सौंसरच्या बागायतदारांच्या सोसायटीला माझी कलमं वर्षानुवर्षं जात होती, पांढुर्ण्याच्या रोपवाटिकेपेक्षा थोड्या चढ्या भावानं. भाव मी चढाच लावतो. मग सोसायटीच्या सभेत बापूराव ढोबळे नावाच्या बागायतदारानं उठून सांगितलं, की वरुडची कलमं पाहुण्यासारखी येतात आणि पाहुण्यासारखी जातात. एवढ्यावर न थांबता आपल्या बागेतल्या रस्त्याकडच्या एका वाळल्या झाडापुढे त्यानं पाटी ठोकली: ‘वरुडचे कलम. पाहून घ्या.’ जामसावळीच्या मारुतीला जाणारे लोक बैलगाडी थांबवून ती वाचायला लागले. पाटी तीन-चार वर्षं तशीच उभी राहिली, आणि शेवटी सोसायटीनं माझी मागणी बंद केली.

मी काठी घेऊन निघणार होतो. पण त्याच वेळी नागपूरहून जावई आले होते. आमचे श्रीकांतराव कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. ते म्हणाले, "मामा, भांडू नका. हे मोजता येतं."

दुसरं कोणी असतं तर मी त्याला अंगणाबाहेर काढलं असतं. पण जावयावर ओरडता येत नाही. माझ्या घरातली ती एकच व्यक्ती आहे जिच्यावर ओरडता येत नाही, आणि नेमकी तीच माझ्याबरोबर प्रवासाला आली.

पांढुर्णा

पांढुर्ण्याला उतरलं की पहिल्यांदा पाट्या डोळ्यांत भरतात. सगळ्या हिंदीत. पाटीखाली बसलेला माणूस मात्र आपल्याच बोलीत विचारतो, "काय पाह्यजे जी?" राज्य बदललं, तोंड बदललं नाही. स्टँडजवळ तर्रीचे पोहे खाल्ले. तर्री आमच्यापेक्षा तिखट, पोहे आमच्यापेक्षा कमी. मी दुकानदाराला तसं सांगितलं, तर त्यानं माझ्या बशीत चमचाभर पोहे आणि चार चमचे तर्री घातली. हिशेब त्याच्या बाजूनं चोख होता.

पांढुर्ण्याला थांबण्याचं कारण नामदेवराव खोडे. यांच्या बागेत सगळी कलमं पांढुर्ण्याच्या रोपवाटिकेची, आणि ‘एक बी झाड मेलं नाई’ ही त्यांची ख्याती. सोसायटीच्या सभेत माझ्याविरुद्ध याच बागेचं उदाहरण दिलं गेलं होतं.

बाग खरोखर देखणी. ओळीत एक रिकामा खड्डा नाही. नामदेवराव एकेका झाडावर हात ठेवून सांगत होते, "हे माह्या बापानं लावलेलं. हेबी बापानं. हे बी." तिसरं झाड माझ्या गुडघ्याला लागत होतं.

मी विचारलं, "नामदेवराव, तुमचे वडील वारले कधी?"

"गेले की जी, पोराच्या जन्माआधी."

"अन् पोरगा?"

"मॅट्रिकले हाय."

"मग हे झाड एवढंसं काहून?"

नामदेवराव माझ्याकडे दयेनं पाहत राहिले. "खड्डा बापाचा हाय ना. झाड मेलं का आम्ही त्याच खड्ड्यात दुसरं लावतो. जागा थेच, झाड थेच."

याला आमच्याकडे नांगे भरणं म्हणतात, आणि ते सगळेच करतात. पण मेलेल्याच्या जागी नवं लावून मेलेलं मेलंच नाही असं समजणं मी पहिल्यांदा पाहिलं. मी तापलो. म्हटलं, हा लबाडीचा धंदा आहे, आत्ताच्या आत्ता सोसायटीला कळवतो.

श्रीकांतराव शांतपणे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले. "लबाडी नाही मामा. हे खड्डे मोजतात, आपण झाडं मोजू. आणि नुसती झाडंही नाही, झाड-वर्षं मोजू."

"म्हणजे?"

"एक झाड एक वर्ष जगलं की एक झाड-वर्ष. दहा झाडं एक वर्ष जगली काय, एक झाड दहा वर्षं जगलं काय, दहाच. मग विचारायचं, इतक्या झाड-वर्षांत मरणं किती पडली. तुमची कलमं सौंसरला आधीपासून आहेत. त्यांनी जास्त उन्हाळे पाहिले, म्हणून जास्त मेली. त्यात नवल काय?"

हे मला एकदम पटलं, कारण ते माझ्या बाजूचं होतं.

नामदेवरावांनाही पटलं, पण वेगळ्या बाजूनं. ते बोटांवर काहीतरी जुळवून म्हणाले, "मंग मी अन् आमची मंडळी मिळून साठ संसार-वर्षं झाली म्हना."

"तीसच," जावई म्हणाले. "संसार एकच आहे ना."

"तिले विचारा," नामदेवराव म्हणाले.

सौंसर

सौंसरच्या बसमध्ये खिडकीतून एकीकडे कापूस वेचणाऱ्या बायका, दुसरीकडे संत्र्याच्या बागा, असा सगळा रस्ता. मला बाहेरची हिरवळ गोड लागत नव्हती. मी मनात बापूरावाला काय बोलायचं ते घोकत होतो.

पण बापूरावाच्या दारात पोचलो आणि सगळं बिनसलं. श्रीकांतराव माझे जावई आहेत हे कळताच त्या घरानं मला विसरूनच टाकलं. सौंसरला एकाचा जावई तो गावाचा जावई. त्यांना लाकडी खुर्ची, मला बाज. त्यांच्या पायावर गरम पाणी, माझ्यापुढे बादली. बापूरावाची बायको अनसूयाबाई डोक्यावर पदर सारखा करत म्हणाली, "बसा जी जवाईबापू, थकले असान." आणि मला बापूराव म्हणाला, "बसा."

जेवायला ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी आणि लिंबाचं लोणचं. सोल्यांची भाजी आमच्याकडेही होते, चांगली होते. पण तसं लोणचं मी कुठं खाल्लेलं नाही. साल मऊ, आंबटपणा जिभेच्या मागच्या बाजूला लागणारा. शत्रूच्या घरी मागून खाऊ नये हे मला कळतं. मी तीनदा मागून घेतलं.

जेवणानंतर बापूराव मला पाटीपाशी घेऊन गेला. पाटी चांगली दारासारखी रुंद. तिच्या वरून डोकावणारा वाळका बुंधा आणि एक फांदी. मी पुढे होऊन फांदीवर नख ओढलं. आतून हिरवं दिसलं तर झाड जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलं, ही बागायतदाराची परीक्षा. पण ओढायला साल शिल्लकच नव्हती. माझ्याआधी अर्ध्या तालुक्यानं आणि मारुतीच्या भक्तांनी नखं ओढून घेतली होती.

"तुमच्या नखांनीच मेलं असंन हे," मी म्हणालो.

"मेल्यावरच नखं लावून राहिले लोकं," बापूराव म्हणाला. "जित्या झाडाले कोन नख लावते?"

इथे आवाज चढले. अनसूयाबाईनं जवाईबापूंना चहा आणून दिला म्हणून थांबलो.

संध्याकाळी सोसायटीची मंडळी जमली. अध्यक्ष एक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांनी ठराव सांगितला: जवाईबापू मोजतील, सोसायटी मानेल. वरुडचं कलम जास्त मरत असेल तर माझं नाव कायमचं कापायचं आणि पाटी राहील. नसेल तर पाटी उतरेल आणि येत्या पावसाळ्याची मागणी मला मिळेल. मी होकार दिला. माझी आयुष्यभराची पत एका हिशेबावर टांगली होती आणि तो हिशेब करणाऱ्यावर मला ओरडताही येत नव्हतं.

मग बागायतदारांनी एकेक उठून आपापली मेलेली झाडं सांगायला सुरुवात केली. कोणतं झाड कधी मेलं? "थोरलीच्या लग्नाच्या हळदीच्या दिवशी." "डीपी जळली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी." "सासूबाई आल्या थ्या सोमवारी." सगळ्यांना वारासकट माहीत. दोघा भावांची बाग एकच आणि तारखा दोन. धाकटा म्हणाला झाड वाटणीच्या आधी मेलं, थोरला म्हणाला नंतर. ते झाड बाजूला राहून वाटणी पुन्हा सुरू झाली.

गुरुजींनी टेबलावर हात आपटला. "खरं-खोटं इथं होनार नाई. उद्या सगळे जामसावळीले चाला. मारुतीसमोर सांगा."

जामसावळी

जामसावळीचा मारुती निजलेला आहे. आमच्याकडचे मारुती उभे असतात, एका हातात डोंगर घेऊन घाईत असल्यासारखे. हा निवांत आहे. मला तो आवडला. नारळवाल्याशी मी भाव करत होतो तेव्हाही त्यानं डोळा उघडला नाही.

सोसायटीचे बागायतदार ओळीनं पुढे जायचे, पायऱ्यांवर हात टेकायचे, आणि मग श्रीकांतरावांसमोर येऊन आपल्या मेलेल्या झाडाची वेळ सांगायचे. काल ज्यानं हळदीचा दिवस सांगितला होता तो हात जोडून म्हणाला, "उन्हाळ्यातच मेलं जी. लग्नाच्या सालचा का त्याच्या मागचा, ते मारुतीले ठाऊक."

डीपीवाला म्हणाला, "पाच-सहा वर्षांचं होतं. का सात."

सासूवाल्यानं सासू काढूनच टाकली.

दोघे भाऊ एकदम म्हणाले, "लहानपनीच गेलं," आणि एकमेकांकडे पाहायला लागले. गुरुजी म्हणाले की वाटणीनंतर हे दोघे पहिल्यांदाच एक वाक्य बोलले.

मी डोक्याला हात लावला. काल सगळ्यांना वार माहीत होता, आज देवासमोर कोणाला वर्ष माहीत नाही. म्हटलं, "जावईबापू, आता काय मोजता? सगळं वाहून गेलं."

श्रीकांतराव मात्र खूश दिसत होते. त्यांनी देवळाच्या पारावर मला बसवून समजावलं, ते मी मला समजलं तसं सांगतो.

कोण किती जगलं याचा हिशेब करण्याची एक मोठी पद्धत आहे. तिच्यात झाडं मरणाच्या क्रमानं ओळीत उभी करावी लागतात, आधी कोण, मग कोण, म्हणून वेळ नेमकी लागते. आणि दुसरी वाट आहे पॉयसाँ रिग्रेशनची. तिच्यात आयुष्याचे टप्पे पाडायचे. पहिले दोन उन्हाळे, कारण कोवळं कलम तेव्हाच जातं. मग भर तारुण्याची वर्षं. मग खोडातून डिंक गळवणारा डिंक्या रोग लागण्याचं म्हातारपण. एका टप्प्यात मरणाचा वेग सारखाच आहे असं धरायचं आणि प्रत्येक टप्प्यात दोनच गोष्टी विचारायच्या: झाड-वर्षं किती, मरणं किती.

"झाड-वर्षांचा आकडा समीकरणात बाजूला बांधून ठेवायचा," ते म्हणाले. "दावणीला जनावर बांधतो तसा. तो सुटता कामा नये. मग वरुड आणि पांढुर्णा यांची तुलना त्याच त्या टप्प्यात होते. कोवळ्याशी कोवळं, म्हाताऱ्याशी म्हातारं. नेमका वार लागतच नाही. टप्पे नीट पाडले तर दोन्ही वाटा जवळपास एकाच गावाला पोचतात."

"अन् जी झाडं मेलीच नाहीत त्यांचं काय?"

"ती आजवर जगली, तेवढी झाड-वर्षं त्यांची. पुढचं आपण बोलायचं नाही."

मी निजलेल्या मारुतीकडे पाहिलं. हे शेवटचं त्यालाही मान्य असावं.

पुन्हा सौंसर

दुसऱ्या दिवशी बापूरावाच्या अंगणात सतरंजी पडली. श्रीकांतराव बोटभर जाडीचं कॅल्क्युलेटर घेऊन बसले. अशा हिशेबाचं उत्तर एका दमात येत नाही म्हणे. एक अंदाज घ्यायचा, त्यावरून दुसरा सुधारायचा, त्यावरून तिसरा, आकडा हलायचा थांबेपर्यंत. बागायतदारांना ही गोष्ट लगेच कळली. बैलाचा भाव असाच ठरतो. ते प्रत्येक आकड्याला ‘अजून थोडं’, ‘आता पटलं’ असं म्हणू लागले.

दुपारी आकडा थांबला. श्रीकांतराव म्हणाले, "वरुडचं कलम केसभर जास्त मरतं."

बापूरावानं सगळ्यांकडे पाहिलं.

"पण हा केस काही खरा नाही," ते पुढे म्हणाले. "एखाद्या उन्हाळ्यात योगायोगानं एवढा फरक कुठंही पडतो. खरं उत्तर, फरक दिसत नाही."

"केस कोनाकडं हाय एवढंच सांगा जी," गुरुजी म्हणाले. "सभेत लिहावं लागते."

"एक झाड इकडचं तिकडे झालं तरी केस दुसरीकडे जाईल."

"पन गेलं तर नाई ना," बापूराव म्हणाला.

सभा त्याच्या बाजूनं झुकलेली दिसत होती. आयुष्यभर मी केसभर फरकावर भाव ठरवले, आणि आज त्याच केसानं माझा गळा धरला होता. मी उठून उभा राहिलो. काय बोलणार होतो ते आता आठवत नाही, बरं नसणार. तेवढ्यात अनसूयाबाई लोणच्याची बरणी घेऊन बाहेर आली आणि पहिल्यांदा माझ्याकडे आली.

"घ्या जी भाऊ. जेवून भांडा. तुम्हाले आवडलं म्हून काढलं. तुमच्याच तर झाडाचं हाय."

"कोणत्या झाडाचं?"

"थे पाटीमागचं नाई का?"

मग सगळे उठले आणि चपला न घालता पाटीकडे निघाले.

पाटी रस्त्याकडे तोंड करून होती. सगळा तालुका ती समोरून वाचून परत गेला होता. मागे फक्त अनसूयाबाई जायची, कारण मागे विहिरीच्या पाण्याचा दांड, म्हणजे पाट होता. आम्ही मागे गेलो. डोळा बांधतो त्या जागेच्या खाली, खुंटातून, मनगटाएवढी फांदी फुटून पाटीच्या आडोशाला पसरली होती, आणि तिच्यावर खरबरीत सालीची पिवळी लिंबं लटकत होती.

"झाड जितं हाय," मी म्हणालो. "लिहा, केस बदलला."

"हे जंबेरी हाय," बापूराव म्हणाला. "संत्रं मेलं."

"जंबेरी कोणाची? खुंट माझा, पाणी माझं, बी मीच पेरलेलं."

"तुम्ही संत्र्याचे पैसे घेतले का लिंबाचे?"

"मेलं म्हणतोस त्याचं लोणचं खातोस कसा?"

"मले का मालूम होतं," बापूराव म्हणाला आणि बायकोकडे वळला. "तू सांगितलं नाई काहून?"

"तुम्ही इचारलं कधी? मेलेल्या झाडाले मी रोज पानी टाकून राहिली होती का?"

गुरुजींनी दोन्ही हात वर केले. "जवाईबापू, फैसला करा. हे मेलं का जितं?"

मी श्रीकांतरावांना बाजूला घेतलं. आवाज खाली ठेवून म्हटलं, "अर्धं लिहा. अर्धं मेलं. त्याचं अर्धं, माझं अर्धं, कोणाचं नुकसान नाही."

"मामा, या मोजणीत अर्धं मरण नसतं. शून्य किंवा एक."

"मग पाव लिहा."

"मामा."

आणि तेव्हा मी जावयावर ओरडलो. लग्नानंतर पहिल्यांदा. म्हणालो, पोरगी दिली तुम्हाला, एक पाव मरण देता येत नाही. सौंसरची मंडळी दुसरीकडे पाहायला लागली. अनसूयाबाईनं पदर तोंडाला लावला, रडायला की हसायला ते कळलं नाही.

श्रीकांतराव चिडले नाहीत. त्यांनी वाकून डोळ्याची जागा दाखवली, जिथं माझ्याच सुरीचा जुना काप होता. "याच्या वरचं विकलं होतं, ते मेलं. एक मरण, वरुडच्या खात्यात. याच्या खालचं तुम्ही छाटलेलं होतं, ते आपल्या हिमतीवर आलं. ते कोणाच्याच खात्यात नाही."

त्या कापावरून मी बोट फिरवलं. हात माझाच. तेव्हा मी दुसऱ्याच्या रोपवाटिकेतून नुकताच सुटलो होतो आणि माझा काप थोडा तिरका जायचा. वरचं मेलं होतं. ते मला पहिल्या दिवशी नख ओढायला गेलो तेव्हाच कळलं होतं.

"लिहा एक," मी म्हणालो.

मी कबूल केल्यावर गुरुजी गडबडले. त्यांना वाटलं होतं मी अजून तासभर भांडेन. एका झाडावर एवढं भांडण होतं तर केसाला काय अर्थ, असं म्हणून त्यांनी जवाईबापूंना पुन्हा विचारलं आणि या वेळी केस वगळून पूर्ण वाक्य लिहून घेतलं: फरक दिसत नाही. ज्या बापूरावानं इतकी वर्षं तालुक्याला झाडाची एकच बाजू दाखवली, त्याला त्या दिवशी बोलायला जागा नव्हती.

ठरावाप्रमाणे मागणी मला मिळाली. पण फरक दिसत नाही म्हटल्यावर गुरुजींनी दुसरा प्रश्न विचारला, जो मी त्यांच्या जागी असतो तर पहिला विचारला असता. "मंग तुमचा भाव चढा काहून?" ‘माझं कलम जास्त जगतं’ हे उत्तर खोडायचं साधन मी स्वतःच नागपूरहून आणलं होतं. पांढुर्ण्याच्याच भावात मागणी घ्यावी लागली. परतीच्या बसमध्ये मी जावयांशी बोललो नाही. त्यांनी मला खिडकीची जागा दिली, ती मी घेतली.

राहिली पाटी. ती उतरणार हे ठरलं होतं, पण अनसूयाबाई म्हणाली की तिच्या आडोशानंच फांदी वाढली, पाटी गेली तर रस्त्यावरचे लोक लिंबं तोडतील. तेव्हा पाटी ठेवून अक्षरं बदलायची ठरली. बापूरावाला ‘मेलेले’ हवं होतं, मला ‘जिवंत’. या सौद्याला निघायच्या दिवशीची अख्खी सकाळ गेली. गुरुजी रंगाचा डबा घेऊन उभेच होते. शेवटी दोघंही थोडं थोडं खाली उतरलो.

आता जामसावळीच्या वाटेनं कोणी गेलं तर त्यांना डाव्या हाताला ती पाटी दिसेल. तिच्यावर लिहिलं आहे: ‘या झाडाबद्दल घरात विचारावे.’ विचारायला आत जाणाऱ्याला अनसूयाबाई बसवते आणि लोणचं वाढते, असं ऐकतो. मेलं की जितं, ते ती कोणाला सांगत नाही.